लाट न पोचलेलं डबकं

टेकडीवर चढणाऱ्या लिफ्टमधला म्हातारा तिच्या मांडीवरच्या बरणीकडे बघत म्हणाला, "मेलं वाटतं सगळं." वाईट वाटून नाही, दूध नासलं वाटतं असं कुणी सहज म्हणावं तसं. डेल्फीनानं बरणी उचलून दिव्याच्या उजेडात धरली. पाणी दाट, जरा पिवळसर, आणि तळाशी लाल रव्यासारखा थर. थर हलत नव्हता. "मेलेले नाहीत," ती म्हणाली, "थांबलेत." म्हातारा हसला. "बायको मला हलवायला येते तेव्हा मी पण तिला हेच सांगतो." टेकडीवर लिफ्टचं दार उघडलं, तो टोपी सारखी करत उतरला, त्याच्यामागून बाकीचे उतरले. ती बाकावर तशीच बसून राहिली. थांबलेत हा शब्द तिनं या जीवांसाठी हजारदा वापरला होता, प्रयोगशाळेत नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्या दिवशी हेच सांगायची, की फेकू नका, आधी बघा. पण आत्ता तो शब्द तोंडातून सुटला तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे बरणी नव्हती. परवा पाहिलेला आईचा चेहरा होता. उशीवर एका बाजूला कललेला, ओठ किंचित उघडे, ओठांच्या कडांना पांढरट पापुद्रा. दार मिटलं. खाली जाणारी माणसं आत आली आणि लिफ्ट तिलाही घेऊन खाली उतरू लागली. तिला वर जायचं होतं. वर भाऊ वाट बघत होता.

(लिगुरियाचा समुद्र: शांत. वारा: नाही. बदल: नाही.)

हे रेडिओवरचं. आईच्या स्वयंपाकघरात सकाळी रेडिओ लावायचा तो समुद्राचं ऐकण्यापुरता. वडील बंदरात टगबोटीवर होते तेव्हाची सवय, वडील गेल्यावरही सुटली नाही. कुणाचं कुणी समुद्रावर नसताना आई रोज समुद्राची चौकशी करायची. आणि या उन्हाळ्यात उत्तर एकच, शांत, शांत, जणू रेडिओवाल्यांनी एकदा बोलून ठेवलंय आणि तेच वाजवतायत. लोकांना बरं वाटत होतं. बाया नेर्वीच्या खडकांवर टॉवेल पसरून पालथ्या पडत होत्या, असा समुद्र कित्येक वर्षांत झाला नाही म्हणत होत्या. आज सकाळी डेल्फीना त्यांच्या पायांमधून वाट काढत वरच्या खडकांवर गेली होती. तिथली डबकी भरती-ओहोटीच्या हातची नाहीत, त्यांच्यापर्यंत फक्त मोठ्या लाटेचा तुषार पोचतो. लाट आली तर पाणी, पाऊस आला तर गोडं पाणी, काहीच आलं नाही तर ऊन. ना समुद्राची ना जमिनीची अशी ती ओंजळभर जागा, आणि तिथेच हे राहतात, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले, रव्याच्या कणाएवढे. खाली अख्खा समुद्र असताना. खाली त्यांना खाणारे मासे आहेत म्हणून, हे ती शिकवताना सांगते. (तेवढंच कारण नसावं. काहींना जाच सोसण्याची सवय होते आणि मग मोकळं पाणी सोसत नाही.) ऊन पाणी पितं, मीठ मागे राहतं. पाणी दाट होत जातं तसे ते आधी सावकाश पोहतात, मग तळाशी बसतात, मग अंग आखडून पडून राहतात. असे पडलेले असताना त्यांना सुईनं टोचलं तरी हलत नाहीत. मेलेल्यात आणि यांच्यात फरक डोळ्यांना दिसत नाही. एकच कसोटी, पाणी देऊन बघणं. आज बहुतेक डबक्यांत पाणीच नव्हतं, पांढरी साय धरलेले खळगे होते. एका खोल भेगेत सावलीला थोडं उरलं होतं, ते तिनं चमच्यानं खरवडून बरणीत घेतलं. दुपारी प्रयोगशाळेत गेल्यावर थेंबाथेंबानं पाणी सोडणार होती. तेवढ्यात भावाचा फोन.

अँपेलिओचं बोलणं नेहमी बंदरातल्यासारखं, समोरच्याला क्रेनच्या आवाजातून ऐकू जावं असं. पण आज तो हळू बोलला, आणि त्यानंच ती घाबरली. म्हणाला, नन्सच्या वृद्धाश्रमात खाट मोकळी झालीय, संध्याकाळपर्यंत हो म्हणायचं आहे, नाहीतर दुसऱ्याला देतील. म्हणाला, आई काल मला बाबा समजली, विचारत होती दोरखंड सुकवलेस का. म्हणाला, आणि आज तर काहीच विचारत नाही, डोळे मिटून पडून आहे, शांत आहे. तू ये, एकदा बघ आणि हो म्हण, मी एकट्यानं हो म्हटलं तर जन्मभर तू मला… वाक्य त्यानं सोडून दिलं. त्यानं सोडलं तरी तिला ते पुढे ऐकू येत राहिलं, बसमध्ये, बसमधून उतरल्यावर, पोर्तेल्लोच्या बोगद्यासारख्या गल्लीतून लिफ्टकडे चालताना. प्रत्येक वेळी त्या वाक्याचा शेवट वेगळा होता.

लिफ्ट पुन्हा वर आली. या वेळी ती उतरली.

एक गोष्ट तिला परवाच खटकायला हवी होती. आई कुरकुरली नव्हती. या शहरात कुरकुर हा हक्क आहे, जुने खलाशी म्हणे कुरकुरायची मुभा असेल तर कमी पगारावर जहाजावर चढत, आणि आई त्या खलाशांची पोर. फोकाच्चा पाव कडक आहे, कॉफी पाण्यासारखी आहे, तू बारीक झालीस, तू जाड झालीस, सांभाळायला ठेवलेली नार्चिसा पेले चुकीच्या फडक्यानं पुसते. ही कुरकुर दाराबाहेर जिन्यापर्यंत ऐकू यायची, आणि डेल्फीना जिन्यातच थकून जायची. परवा घर गप्प होतं. ती आईजवळ बसली, हात हातात घेतला, हात कोरडा आणि हलका होता, सुकलेल्या काठीसारखा, आणि आपल्याला बरं वाटतंय हे तिच्या लक्षात आलं होतं. किती दिवसांनी शांत. नार्चिसाही म्हणाली होती, सिन्योरा आता त्रास देत नाहीत हं. त्या बरं वाटण्यात ती अर्धा तास बसली आणि बस पकडायला निघून गेली.

लहानपणी आई त्या वरच्या खडकांवर बसून पीच सोलायची आणि सालं समुद्रात टाकायची. पोरं या जीवांना समुद्राच्या पिसवा म्हणायची. डेल्फीना पालथी पडून तासन्‌तास डबक्यात बघायची, नर मादीला पाठीमागून धरून हिंडतो ते बघायची. अजून वयात न आलेल्या मादीला तो धरतो आणि ती मोठी होईपर्यंत सोडत नाही, ती पोहेल तिकडे पाठीवर लटकून जातो. हे काय हे आईला विचारल्यावर आई म्हणाली होती, लग्न. पुढे रुज्जेरो तिच्या आयुष्यात आला, बरा माणूस होता, रस्ता ओलांडताना तिचा दंड धरायचा. ओलांडून झाल्यावरही धरून ठेवायचा. तिला कधी ते सांगता आलं नाही, ती एवढंच म्हणाली की मला एकटीला बरं वाटतं. तेव्हापासून तिला कुणी धरलं नाही आणि तिनं कुणाला धरलं नाही, काचेच्या बशा सोडून. आणि याच खडकांवर, एका अशाच बिनलाटेच्या उन्हाळ्यात, तिचं आवडतं डबकं आटायला लागलं म्हणून ती रडली होती, आणि अँपेलिओ, तेव्हा केवढा, गुडघे सोललेला, उद्यानातल्या नळावरून बादली भरून धापा टाकत आला होता आणि ती गोड्या पाण्याची बादली त्यानं एकदम डबक्यात ओतली होती. घे, तुझ्या पिसवा वाचल्या. दुसऱ्या दिवशी तळाशी लाल काही नव्हतं, भिजलेल्या कण्यांसारखं फिकट काहीतरी होतं. मिठानं मारलं नव्हतं त्यांना. मीठ एकदम निघून गेल्यानं मारलं होतं. हे तिला पुष्कळ नंतर, पुस्तकात कळलं. भावाला तिनं कधीच सांगितलं नाही. त्याला अजून वाटतं त्यानं त्यांना…

दार अँपेलिओनंच उघडलं. घरभर पट्ट्यांच्या खिडक्या मिटलेल्या, अंधार, पण गार नाही, कोंडलेला. त्यानं बरणीकडे बघितलं. "आज पण घेऊन आलीस? तुझ्या पिसवांना रोज खाऊपिऊ घालतेस. आईला आम्ही बघतोच आहोत." मग लगेच त्याचा चेहरा पडला, आणि तिनं ते बोलणं वाऱ्यावर सोडलं. त्याचं खरं होतं. रात्री उठून तो येतो, जिने चढतो, त्याचे गुडघे त्या बादलीच्या वेळी होते तसे राहिलेले नाहीत.

आई खाटेवर होती. डेल्फीनानं हाक मारली. पापण्या हलल्या, उघडल्या नाहीत. मग ओठ हलले, काहीतरी दोराबद्दल. जीभ दिसली, तपकिरी, मधोमध भेग पडलेली. डेल्फीनानं आईच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, शिवणीतल्या चुणीसारखी, आणि फार वेळानं खाली बसली. उशाशी टेबलावर रिकामा पेला. बशीत पावाचा तुकडा, त्यावर खारवलेल्या मासळीचा शेपटाकडचा भाग. ही मासळी आईनं स्वतः भरलेली, एक थर मासळी, एक थर मीठ, वर दगडी चकती, चकतीवर समुद्रावरून आणलेला गोटा. तीच खातात, नार्चिसा म्हणाली, दुसरं काही तोंडात घेत नाहीत. आणि पाणी, डेल्फीनानं विचारलं. पाणी पितात की. नार्चिसाचे डोळे भरले. तिला वाटलं आपल्यावर येतंय. मी प्रत्येक वेळी भरून ठेवते सिन्योरा, आणि प्रत्येक वेळी पेला रिकामा असतो, तुम्ही भावाला विचारा. अँपेलिओनं मान हलवली, त्यानंही रिकामे पेले उचलले होते. "बिचारी नीट करते गं सगळं. वय झालं आईचं, दुसरं काय. डॉक्टर पण म्हणाला, या वयात डोकं असं हळूहळू जातं. आश्रमात नन्स आहेत, बाग आहे. हो म्हण, डेल्फीना."

ती हो म्हणणार होती. हे नंतर ती स्वतःपासून लपवू शकली नाही. हो तिच्या जिभेवर तयार होतं आणि त्याच्याबरोबर एक लांबलचक मोकळी दुपार, ज्यात फोन वाजत नाही. बरणी कुठेतरी ठेवायची म्हणून ती खिडकीशी गेली, खाटेच्या दुसऱ्या अंगाला, आणि पट्टी वर केली. बाहेरच्या कठड्यावर बाझिलिकोची, चटणीच्या तुळशीची, कुंडी होती.

शहरभर कुंड्या माना टाकून होत्या. लिफ्टपासून घरापर्यंत प्रत्येक खिडकीत तिनं तेच बघितलं होतं, जळलेल्या कडा, पिवळी पानं, बाया संध्याकाळी तांब्या घेऊन येतील तेव्हा काय वाचेल ते वाचेल. ही कुंडी मात्र नुसती जिवंत नव्हती, माजली होती. पानं तळहाताएवढी, पोसून वाकलेली, इतकी पाणीदार की चटणीला चव आली नसती. तिनं मातीत बोट घातलं. चिखल. कुंडीखालची बशी काठोकाठ भरलेली. खाटेवरून हात लांब केला की पट्टीच्या फटीतून कुंडीपर्यंत पोचत होता, तिनं स्वतःचा हात लांब करून बघितलं. मग ती खाली बसली, जमिनीवर.

"हिला पाणी कोण घालतं?"

"मी नाही," नार्चिसा म्हणाली. "त्या म्हणाल्या हात लावायचा नाही, माझं मी बघते."

आणि मग सगळं आपोआप जुळत गेलं. आई मागच्या महिन्यात पडली. तेव्हापासून एकटीला उठता येत नाही. न्हाणीघरात धरून न्यावं लागतं, बसवावं लागतं, कपडे वर-खाली करावे लागतात. नार्चिसा सांगत होती, पहिल्या दिवशी फार ओरडल्या हो, मला मारलं, पण नंतर शहाण्यासारखं वागायला लागल्या, आता दिवसातून एकदाच उठवावं लागतं, कधी तेवढंही नाही. कधी तेवढंही नाही. ही बाई, जिनं वडिलांसमोरसुद्धा कधी केस मोकळे सोडले नाहीत, जिनं मुलीला जन्मात एकदाही आपली पाठ चोळू दिली नाही. हिनं हिशेब केला असणार. आत काही गेलं नाही तर बाहेर काही येणार नाही. पेला रिकामा दिसला की कुणी विचारणार नाही. आणि वाया तर काही घालवायचं नाही, म्हणून कुंडी. वेड लागलेल्या माणसाला हे सुचत नाही. डोकं शाबूत होतं, पक्कं होतं, त्यानंच हे केलं होतं, आणि मग हळूहळू त्याच डोक्याला मीठ चढलं.

(समुद्र शांत. समुद्र शांत. कुणी विचारलं नाही, शांत म्हणजे काय.)

तिनं भावाला सांगितलं. अँपेलिओ आधी कुंडीकडे बघत राहिला, मग म्हणाला, "पाणी? नुसतं पाणी?" आणि स्वयंपाकघरात धावला. नळाचा आवाज आला. तो परतला तेव्हा त्याच्या हातात मोठा जग होता, गळ्यापर्यंत भरलेला, सांडत आणलेला, आणि त्याचा चेहरा सोललेल्या गुडघ्यांच्या त्या मुलाचा होता. उचल, तो म्हणाला, डोकं धर हिचं, पाजतो. तिनं दोन्ही हातांनी जगाचं तोंड झाकलं.

"एकदम नाही."

"अगं, मरतेय ती तहानेनं!"

"माहितीय. एकदम दिलंस तरी मरेल."

त्याला कळलं नाही, तो चिडला, आणि ती त्याला डबक्याचं सांगू शकत होती, पण तिनं सांगितलं नाही. डॉक्टरला फोन लावला. आधीचा नाही, आज ड्यूटीवर असलेला कुणी तरुण होता, त्यानं चटकन विचारलं, डोळे उघडतात का, गिळता येतंय का, ओठाला लावून बघा. ओठाला लावलं. गिळलं. मग चमच्यानं द्या, तो म्हणाला, थोडं, थांबून, उंच बसवून. मी निघालोच आहे, रक्त बघू आणि मग ठरवू. तोवर गिळणं थांबलं किंवा झटका आला तर लगेच रुग्णवाहिका. जग भरून ओतू नका, मेंदूला सोसत नाही. फोन मोठ्या आवाजावर होता. अँपेलिओनं ऐकलं आणि जग टेबलावर ठेवला, अगदी आवाज न करता.

चमचा. थांब. चमचा. ओठांच्या कोपऱ्यातून थोडं बाहेर येत होतं, ते ती बोटानं टिपत होती. गळ्यातली गाठ वर जायची, तिथेच राहायची, आणि त्या वेळात डेल्फीनाचाही श्वास तिथेच राहायचा. बशांवर वाकून तिनं आयुष्य घालवलं होतं आणि तिथे वाट बघणं सोपं होतं, कारण एक हलला नाही तर दुसरा हलतो, पुष्कळ असतात. इथे एकच होती. पांढऱ्या पापुद्र्याखालून ओठाचा रंग दिसायला लागला की तो पट्टीतून आलेल्या उन्हाचा, कळत नव्हतं. काहीजण उठत नाहीत. हेही ती पहिल्या दिवशी सांगते. पाणी बरोबर, वेग बरोबर, सगळं बरोबर, आणि तरी काही तळाशी तसेच राहतात, आणि तुम्हाला कधीच कळत नाही की ते केव्हापासून थांबलेले नव्हते. चमचा. थांब.

अँपेलिओला हातांचं काय करावं कळत नव्हतं. तो खिडकीशी गेला, बरणी उचलली, हलवणार होता, हलवली नाही. "यांना पण असंच?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, हो, पिशवीत समुद्राच्या पाण्याची बाटली आहे, थेंबाथेंबानं. त्यानं खुर्ची ओढली. जाड बोटांत कॉफीचा चमचा धरून तो बरणीवर वाकला आणि तिच्या चमच्याबरोबर आपला चमचा लावत राहिला. मध्येच, बरणीतून डोळे न काढता म्हणाला, "बादली. एकदम ओतली होती मी, नाही का?" तिनं पुढचा चमचा भरला. तो म्हणाला, "सांगायचंस तरी."

ऊन पट्टीवरून सरकत कपाटाच्या दारापर्यंत गेलं. डॉक्टर अजून वाटेतच होता, नार्चिसा भिंतीशी उभी राहून माळ जपत होती. आणि मग आईचं कपाळ आक्रसलं. आधी डेल्फीनाला वाटलं हाच तो झटका, तिचा हात फोनकडे गेला. पण आईचे डोळे उघडले होते आणि चमच्यावर स्थिर होते.

"हा चमचा चांगल्यातला आहे," आई म्हणाली. आवाज कागद घासल्यासारखा. "पाहुण्यांचा. कुणी काढला?"

अँपेलिओनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. आईनं पुढचा चमचा घेतला, पाणी कोमट आहे म्हणाली, त्यापुढचाही घेतला. मग बराच वेळ तिनं डेल्फीनाच्या तोंडाकडे बघितलं, आपण कुठे सापडलो ते शोधल्यासारखं, आणि नजर कुंडीकडे गेली, आणि परत आली. तिला कळलं होतं की यांना कळलंय. गालावर रंग यायला रक्त पुरेसं नव्हतं, पण तिनं चादर गळ्यापर्यंत ओढली.

"त्या बाईला बाहेर पाठव," ती हळूच म्हणाली. "मला जायचंय."

नार्चिसा न सांगता बाहेर गेली. डेल्फीना वाकली. तिनं आधी दंड धरला, मग ते पुरणार नाही हे लक्षात येऊन काखेखालून हात घातला आणि पाठीमागून आईला पुरतं कवेत घेतलं. हलकी होती आणि तरी जड होती. नखं डेल्फीनाच्या मनगटात रुतली, कुणाची पकड कुणाला हे सांगता येईना. दोघी एकाच देहासारख्या, चार पायांनी, इंचाइंचानं दाराकडे सरकल्या. आईच्या केसांना मिठाचा आणि झोपेचा वास होता. दाराच्या उंबऱ्यावर आई थांबली. मान न वळवता म्हणाली, "बघू नकोस."

"नाही बघत."

"उद्या पण तूच येशील?"

स्वयंपाकघरात फोन वाजायला लागला. तो आश्रमाचाच असणार. अँपेलिओनं उचलला नाही, चमचा हातात धरून तो पॅसेजच्या तोंडाशी आला आणि तिथूनच विचारलं, "डेल्फीना, काय सांगू त्यांना?"

"आज नाही म्हणून सांग."

"आणि उद्या?"

आईचा सगळा भार तिच्या छातीवर होता. दार लावायला एकही हात मोकळा नव्हता. तिनं ते पायानं ढकललं.